भेटीची फळी

राजांच्या सनदा, सेनापतींच्या मोहिमा आणि ग्रंथकारांची चरित्रे ह्यांतूनच इतिहास वाचण्याची सवय आपणांस जडलेली असल्यामुळे, भाजी चिरण्याच्या लाकडी फळीचा इतिहास सांगावयास बसणारा मनुष्य वाचकांस थोडासा विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, बोटभर जाड असे ते लाकूड! त्यावर कांदे चिरावे, ते धुऊन भिंतीशी टेकून ठेवावे, आणि झिजले म्हणजे चुलीत घालावे. ह्यापलीकडे त्याचे चरित्र ते कोणते असावयाचे? परंतु ही फळी कोणी केली, कोणासाठी केली, आणि ती विकत घेता आली असती तरी स्वतःच्या हाताने करण्याचा खटाटोप त्याने का केला, हे तीन प्रश्न विचारू लागले की त्या क्षुल्लक वस्तूमागे एक मोठा विषय उभा राहतो. युरोपच्या उत्तरेकडील एका थंड कोपऱ्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नेमक्या ह्याच प्रश्नांच्या अनुरोधाने शिक्षणाची एक पद्धती निर्माण झाली; ती देशोदेशी गेली; आणि तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या एका विचाराचा प्रयोग आपल्या वर्ध्यासही होऊन गेला. त्या हकीकतीचा थोडक्यात परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम आपल्याच घरात डोकावून पाहू. महाराष्ट्रातील जुन्या स्वयंपाकघरात चिरण्याची स्वतंत्र फळी नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नव्हते. आपली विळी स्थिर असते व भाजी तिच्याकडे जाते. विळीच्या पाटावर पाय दाबून बसलेली गृहिणी दोन्ही हातांनी भाजी पात्यावर धरते. खाली फळी लागतच नाही, लागते ती परात किंवा ताट. सुरी हातात व भाजी स्थिर, ही रीत जेथे आहे तेथेच फळी आवश्यक होते. म्हणून आपल्याकडे फळीचा प्रवेश झाला तो उभ्याने स्वयंपाक करण्याच्या ओट्याबरोबर. तथापि लाकडाची सपाट, गुळगुळीत वस्तू आपल्या घराला परकी होती असे मात्र नव्हे. पोळपाट होता, बसावयाचे पाट होते, चौरंग होता, खुद्द विळीचा पाटही होता. ह्या साऱ्या वस्तू घरात येत त्या गावच्या सुताराच्या हातून. त्या घरधन्याने स्वतः केलेल्या नसत. ही गोष्ट तूर्त ध्यानात ठेवून आपण उत्तरेकडे वळू; कारण तेथील चाल ह्याच एका बाबतीत आपल्याहून अगदी निराळी होती.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड ह्या देशांत हिवाळा दीर्घ असतो. शेते बर्फाखाली जातात, दिवस काही तासांचाच उरतो, आणि शेतकऱ्याच्या हातांस शेतीचे काम राहत नाही. जंगल मात्र दाराशी असते. ह्या परिस्थितीतून घरोघर चाकूने लाकूड कोरण्याची व घडविण्याची परंपरा वाढली. चमचे, पेले, खोरी, दुधाच्या बादल्या, अवजारांचे दांडे, सर्व काही घरीच होई. ह्या हातकसबास स्वीडिश भाषेत ‘स्लॉइड’ असे म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी चातुर्याचा व कुशलतेचा अर्थ आहे. बायकांचे विणकाम-शिवणकामही ह्याच शब्दात समाविष्ट होते.

ह्या घरगुती कसबाला एक गोड सामाजिक अंग होते. तागाचे कपडे धुतल्यावर ते लाकडी रुळाभोवती गुंडाळावयाचे आणि वरून एक लांब फळी दाबून पुढेमागे सरकवावयाची, म्हणजे सुरकुत्या निघून जात. त्या काळची ही इस्त्रीच होती. ही फळी वाङ्निश्चयाच्या वेळी तरुणाने आपल्या वधूस भेट द्यावी, आणि ती शक्यतो स्वतःच्या हाताने कोरलेली असावी, अशी चाल ह्या देशांत होती. धरावयाची मूठ पुष्कळदा घोड्याच्या आकाराची असे. पृष्ठभागावर वेलबुट्टी, चक्रे, वधूवरांच्या नावांची आद्याक्षरे आणि साल कोरलेले असे. सतराव्या-अठराव्या शतकांतील अशा कित्येक फळ्या आज तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. लोककथा अशी सांगतात की, तरुणाने फळी मुलीच्या दारी ठेवावी. तिने ती आत नेली तर होकार, आणि तशीच राहू दिली तर नकार. नाकारलेली फळी दुसऱ्या मुलीस देणे शिष्टसंमत नसे. तेव्हा बिचाऱ्यास नवी कोरावी लागे. म्हणून ज्याच्या घरी अशा पुष्कळ फळ्या असतील त्या पुरुषापासून जपून राहावे, असा विनोदी इशाराही तिकडे रूढ होता!

ह्या चालीतील विनोद बाजूस ठेवला तरी तिच्यातील व्यवहारज्ञान उघड आहे. मुलीचा बाप ती फळी हातात घेऊन पाही तेव्हा त्याला जावयाची परीक्षा करता येई. रेघ सरळ आहे की नाही, कोपरे नीट जुळले आहेत की नाही, कंटाळून काम अर्धवट उरकले आहे की काय, हे लाकूड लपवीत नाही. आपल्याकडेही विवाहप्रसंगी हातच्या कामाचे प्रदर्शन होते. ते म्हणजे रुखवत. पण त्यात एक मोठा भेद आहे. रुखवतात मांडलेले भरतकाम, विणकाम, फराळाचे जिन्नस हे वधूच्या व तिच्या माहेरच्या बायकांच्या हातचे. परीक्षा व्हावयाची ती वधूच्या हातांची. वराच्या हातांस काय येते, हा प्रश्न आपल्या लग्नमंडपात कोणी विचारीत नसे. उत्तरेकडील शेतकऱ्याच्या घरी तो विचारला जाई, आणि त्याचे उत्तर लाकडात कोरून द्यावे लागे.

एकोणिसाव्या शतकात ही घडी विसकटली. कारखान्यांतील स्वस्त माल खेडोपाडी पोचू लागला. स्वीडनात १८४६ साली कारागिरांच्या जुन्या संघांचे निर्बंध उठले आणि १८६४ च्या कायद्याने व्यापारधंदा सर्वांस मोकळा झाला. पाठोपाठ १८६७ ते १८६९ ह्या वर्षांत दुष्काळाने तो देश हैराण केला व अमेरिकेकडे जाणाऱ्या लोकांचा ओघ वाढला. जो चमचा बाजारात चार नाण्यांस मिळतो तो चार रात्री जागून कशास कोरावा, असे शेतकऱ्यास वाटू लागले तर त्यास दोष देता येत नाही. परंतु चमचा विकत आला म्हणून हिवाळ्याची रात्र लहान झाली नाही. रिकाम्या हातांचे काय करावे, हा प्रश्न विचारी लोकांपुढे उभा राहिला. आणि आरंभी त्यांनी त्याचे उत्तर अर्थशास्त्रात शोधले. घरगुती धंदे पुन्हा चालू करावे, मुलांस ते शिकवावे, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीत भर पडेल, असा त्यांचा हिशेब होता.

ह्या हिशेबापलीकडे पाहणारा पहिला मनुष्य फिनलंडमध्ये निघाला. त्याचे नाव उनो सिग्नेयस. १८१० साली जन्मलेला हा गृहस्थ व्यवसायाने धर्मोपदेशक होता; उत्तर अमेरिकेतील अलास्का तेव्हा रशियाच्या ताब्यात होते, तेथील वसाहतीत त्याने काही वर्षे काढली आणि पुढे सेंट पीटर्सबर्ग येथे काम केले. फिनलंडमधील प्राथमिक शाळांची घडी बसविण्याचे काम त्याच्याकडे आले तेव्हा त्याने निरनिराळ्या देशांतील शाळा हिंडून पाहिल्या व पेस्तालोझी आणि फ्रोबेल ह्या शिक्षणशास्त्रज्ञांच्या विचारांचे मनन केले. फ्रोबेलने बालकांच्या खेळण्यांत शिक्षण पाहिले होते. सिग्नेयसने पुढचे पाऊल टाकून म्हटले की, मोठ्या मुलांच्या हातात खेळण्याऐवजी लाकूड व चाकू द्यावा. मुलास सुतार करावयाचे नाही. वाचन आणि गणित ज्या कारणासाठी सर्वांस शिकवितात त्याच कारणासाठी हातकामही शिकवावयाचे. १८६६ साली फिनलंडच्या ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलग्यांसाठी हातकाम आवश्यक विषय ठरले. राष्ट्राच्या शिक्षणक्रमात हातकामास असे स्थान मिळण्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

ह्या विचाराला पद्धतीचे रूप देणारा ओट्टो सालोमन हा मात्र स्वीडनचा. गोथेनबर्ग शहरी १८४९ साली एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याचा मामा आउगुस्ट अब्राहमसन हा मोठा व्यापारी होता. त्याने १८६८ साली गोथेनबर्गच्या पूर्वेस एका सरोवराच्या काठची नेस नावाची जहागीर विकत घेतली. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी निवर्तली, आणि ह्या निपुत्रिक मनुष्याने आपले धन व वास्तू लोकशिक्षणाच्या कामी लावण्याचे ठरविले. मामाच्या पैशाने व भाच्याच्या बुद्धीने १८७२ साली नेस येथे मुलग्यांची स्लॉइड शाळा निघाली, दोन वर्षांनी मुलींची निघाली, आणि १८७५ मध्ये शिक्षकांसाठी अध्यापनवर्ग सुरू झाला. आरंभीचा हेतू घरगुती धंद्याच्या पुनरुज्जीवनाचाच होता. परंतु १८७७ साली सालोमन फिनलंडास जाऊन वृद्ध सिग्नेयसला भेटला, आणि त्या भेटीनंतर त्याच्या कार्याची दिशाच पालटली. पैसा मिळविण्याचे साधन म्हणून शिकविलेला स्लॉइड मागे पडला आणि मनुष्य घडविण्याचे साधन म्हणून शिकविलेला स्लॉइड पुढे आला.

सालोमनने आपल्या पद्धतीचे जे हेतू सांगितले ते वाचले म्हणजे ह्या मनुष्याची दृष्टी किती व्यापक होती हे कळते. श्रमाविषयी आवड उत्पन्न करणे, अंगमेहनतीच्या ओबडधोबड पण प्रामाणिक कामाविषयी आदर वाटावयास लावणे, स्वावलंबन बाणविणे, नीटनेटकेपणा व अचूकपणा ह्यांची सवय लावणे, डोळ्यास आकाराची पारख शिकविणे, चिकाटी वाढविणे आणि शरीर सुदृढ करणे, ह्यांपैकी एकाही हेतूत द्रव्यार्जनाचा उल्लेख नाही. ह्या हेतूंस अनुसरून त्याने वस्तूंची एक क्रमवार मालिका तयार केली. पहिल्या वस्तू अगदी साध्या, नुसत्या चाकूने होणाऱ्या: दाखविण्याची काडी, फुलझाडास आधार देण्याची काठी. मग एकेक नवे हत्यार व एकेक नवी क्रिया येई. आणि अशा मालिकांत पुढे दांडे, चमचे, चिरण्याची फळी, लहानसे आसन अशा वस्तूंची पाळी येई. तीन नियम कटाक्षाने पाळले जात. वस्तू घरात उपयोगी पडणारी असावी. चैनीची किंवा नुसती शोभेची नसावी. आणि ती आरंभापासून शेवटपर्यंत एकाच मुलाच्या हातची असावी. कारखान्यातल्याप्रमाणे एकाने कापावे, दुसऱ्याने घासावे, ही श्रमविभागणी सालोमनला मुळीच मान्य नव्हती.

आता ह्या मालिकेतील फळीच आपण हातात घेऊ. वरकरणी हिच्याइतके सोपे काम दुसरे नाही. परंतु सुतारकामाचा ज्यांस थोडासाही परिचय आहे ते जाणतात की, सपाट वस्तू करणे हेच सर्वांत कठीण असते. चमच्याचा बाक थोडा इकडेतिकडे झाला तर तो निराळा चमचा होतो. फळी थोडी वाकडी झाली तर ती वाकडी फळीच राहते. तिला लपवावयास वेलबुट्टी नाही, की रंगाचा हात नाही.

लाकूड निवडण्यापासूनच शिक्षण सुरू होते. उत्तरेकडे विपुल असणारे बर्चचे लाकूड ह्या कामास चांगले. आपल्या पूर्वजांनी ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या त्या हिमालयातील भूर्जवृक्षाचे हे गोत्रज. ते फिकट, घट्ट विणीचे आणि उग्र वास नसलेले असते. फळी कापताना लाकडाचे धागे लांबीच्या दिशेने यावे लागतात. कारण लाकूड हवेतील दमटपणाने रुंदीत फुगते व आक्रसते, लांबीत मात्र जवळजवळ तसेच राहते. खोडाच्या गाभ्याकडची बाजू कोणती व सालीकडची कोणती, हेही पाहावे लागते. कारण ओले लाकूड वाळताना सालीकडच्या अंगाने खोलगट होते. म्हणून ते अगोदर पुरते वाळवून घ्यावे लागते, आणि येथे उतावळेपणा चालत नाही. झाड आडवे झाले तरी त्याचा स्वभाव शिल्लक असतो, आणि जो तो ओळखत नाही त्याची फळी हिवाळा संपण्यापूर्वी होडी होऊन बसते.

मग करवतीने माप कापावयाचे आणि रंधा हाती घ्यावयाचा. रंधा धाग्यांच्या कलाने चालविला तर लांबच लांब पातळ ढलपी निघते व खाली रेशमासारखा पृष्ठभाग उरतो; उलट दिशेने चालविला तर धागे उपटले जातात आणि लाकडावर ओरखडे पडतात. कोणती दिशा सुलट हे पुस्तकात सापडत नाही. हाताला लागणारा अडथळा आणि कानाला येणारा आवाज ह्यांवरून ते समजते. एक बाजू सपाट झाली की नाही हे पाहण्यासाठी दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांस आडव्या ठेवून एका डोळ्याने त्यांच्या कडा जुळवून पाहतात. पीळ असेल तर तो तात्काळ दिसतो. ती बाजू साधल्यावर तिच्या आधाराने कड काटकोनात करावयाची, गुण्या लावून ती पाहावयाची. कडेच्या आधाराने जाडीची रेघ आखावयाची. आणि त्या रेघेपर्यंत दुसरी बाजू रंधून आणावयाची. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. पहिली बाजू खोटी असेल तर पुढचे सगळे खोटे, आणि तो खोटेपणा कोणत्याही शिक्षकाने सांगण्याची वाट न पाहता टेबलावर ठेवलेली फळी स्वतःच डुगडुगून सांगते. भूमितीत समांतर रेषा, काटकोन आणि प्रतल ह्यांच्या व्याख्या पाठ करणाऱ्या मुलास त्या तिन्ही गोष्टी येथे हाताला लागतात.

शेवटी टोकांच्या बाजूंनी रंधा जपून चालवावयाचा, नाहीतर कडेचा तुकडा उडतो. कोपरे किंचित गोल करावयाचे. टांगण्यासाठी गिरमिटाने एक भोक पाडावयाचे. पृष्ठभाग पाण्याने ओला करून, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून काढावयाचे. जवसाचे तेल चोळले तर ते काही दिवसांनी लाकडात सुकून कठीण होते. खाण्याची जी तेले सुकत नाहीत ती मात्र काही काळाने खवट होतात. वापरणाऱ्यालाही एक नियम पाळावा लागतो: फळी दोन्ही बाजूंनी धुवावी आणि उभी ठेवावी, एकच बाजू वारंवार भिजली तर ती वाकते.

एवढे झाल्यावर त्या फळीचे करावयाचे काय? माझ्या मते सालोमनच्या पद्धतीचे मर्म ह्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ती शाळेने विकावयाची नाही. तिच्या किमतीने शाळेचा खर्च भागवावयाचा नाही. ती मुलाची स्वतःची. ती त्याने घरी न्यावयाची. आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाने चिरण्याची फळी घरी न्यावयाची म्हणजे ती कोणाच्या हातात जावयाची हे काय सांगावयास पाहिजे? वधूसाठी फळी कोरणाऱ्या तरुणाची जागा आईसाठी फळी करणाऱ्या मुलाने घेतली. जुनी चाल तिच्या पहिल्या रूपात पुन्हा आली नाही, पण तिच्यातील जीव शाळेच्या दाराने परत आला. बाजारासाठी केलेल्या वस्तूचा निकाल भाव लावतो, परीक्षेसाठी केलेल्या वस्तूचा निकाल गुण लावतात. भेटीसाठी केलेल्या वस्तूचा निकाल मात्र ती रोज वापरणारा मनुष्य लावतो, आणि तो वर्षानुवर्षे लावीत असतो. मुलगा रोज जेवावयास बसताना ती फळी आईच्या हाताखाली पाहतो. ती डुगडुगत असेल तर तेही त्यास रोज दिसते. ह्याहून कडक आणि ह्याहून प्रेमळ परीक्षक कोणत्या शिक्षणखात्याजवळ असणार?

ह्या पद्धतीची कीर्ती त्वरित पसरली. नेस येथील सुटीतील वर्गांस देशोदेशींचे शिक्षक येऊ लागले. त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, आणि युरोपातील सुखवस्तू घरांतील शिक्षिका तेथे सहा-सहा आठवडे करवत व रंधा चालवीत. अमेरिकेत बोस्टन शहरी १८८८ पासून गुस्टाफ लार्सन ह्याने हे काम चालविले. १८९८ साली मामा वारला तेव्हा त्याने नेसची सारी जहागीर मृत्युपत्राने राष्ट्रास दिली; सालोमन १९०७ साली वारला. ह्या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. ठरीव वस्तूंची ठरीव मालिका सामान्य शिक्षकाच्या हातात गेल्यावर पुष्कळ ठिकाणी निर्जीव झाली. मुलाने नमुन्याची हुबेहूब नक्कल करावी आणि शिक्षकाने मोजपट्टी लावावी, एवढेच उरले. दुसरा दोष अधिक खोल होता. स्लॉइड शिकविणारा हा शिक्षणशास्त्र जाणणारा शिक्षकच असावा, कारागीर असू नये, असा सालोमनचा आग्रह होता. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पण ज्याच्या हातात विद्या आहे त्यासच शाळेच्या बाहेर ठेवण्याचा धोका त्यात होता.

हिंदुस्थानात ह्या विचाराचे वारे आले नव्हते असे नाही. बंगालमध्ये रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात स्लॉइडची रीत पोचली होती. परंतु हातकामाचा प्रश्न सर्व राष्ट्रापुढे आला तो वर्ध्यास. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि ते एखाद्या उत्पादक उद्योगाच्या केंद्राभोवती गुंफलेले, असा हा विचार होता. सूतकताई व विणकाम ह्यांच्याबरोबर सुतारकामासही त्यात स्थान होते. हात व बुद्धी ह्यांची फारकत होऊ नये ह्या मुद्द्यावर वर्धा आणि नेस ह्यांचे एकमत आहे. पण पुढे त्यांच्या वाटा फुटतात. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार तरी निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. ज्या देशात सरकारी शिक्षणाचा पैसा दारूवरील करातून येत होता आणि कोट्यवधी मुले शाळेबाहेर होती, त्या देशात ही अपेक्षा हृदयशून्यतेची नव्हती, निरुपायाची होती. तरीही समितीने आपल्या अहवालात, योजना खर्चाच्या दृष्टीने स्वावलंबी झाली नाही तरी शिक्षणदृष्ट्या ती स्वीकारार्ह आहे असे स्पष्ट सांगितले, आणि द्रव्यार्जनाच्या भरात शिक्षणाचा हेतू लोपण्याच्या धोक्याकडेही लक्ष वेधले. म्हणजे सालोमनला १८७७ साली जो पेच पडला होता तोच साठ वर्षांनी वर्ध्यास पडला: वस्तू विकावयाची की शिकावयाची?

माझ्या समजुतीने आपल्याकडे ह्या दोन्ही उत्तरांच्या आड तिसरीच गोष्ट उभी होती. स्वीडनच्या शेतकऱ्याने फळी केली म्हणून तो शेतकऱ्याचा सुतार झाला नाही. आपल्याकडे मात्र लाकूड हे जातीच्या वाट्याला आलेले काम होते. सुतार हा बलुतेदार. नांगर, वखर, चाके, पाट, पोळपाट सर्व त्याने करावे आणि खळ्यावर आपल्या हक्काचे धान्य घ्यावे. ही व्यवस्था शतकानुशतके चालली आणि तीत सुताराचे कसबही टिकले. पण त्याबरोबर बाकीच्या समाजाच्या हातातून लाकूड निसटले. लेखणी धरणाऱ्याने रंधा धरणे म्हणजे आपल्या पायरीवरून खाली उतरणे, असे पांढरपेशा मनास वाटू लागले, आणि रंधा धरणाऱ्याच्या मुलास लेखणीपर्यंत पोचू न देणे ही ह्याच समजुतीची दुसरी बाजू होती. अशा समाजात शाळेने मुलाच्या हातात हत्यार दिले तेव्हा सुशिक्षित पालकास ती अवनती वाटली, आणि कारागीर पालकासही ते नको होते. कारण त्याने मुलास शाळेत धाडले होते ते ह्याच हत्यारापासून सोडविण्यासाठी. दोघांचाही विरोध स्वाभाविक होता, पण दोघांची कारणे सारखी नव्हती, हे विसरणे अन्यायाचे होईल.

पुढची हकीकत लांबविण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शिक्षणाचा स्वीकार कागदोपत्री झाला, परंतु दोन दशकांत ते क्षीण झाले. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभवा’ची शिफारस केली, आणि महाराष्ट्रातील शाळांच्या वेळापत्रकात त्या नावाचा तास आला. त्या तासाचे पुष्कळ घरांत काय झाले, हे पालकवर्गास सांगावयास नको. वस्तू आदल्या रात्री आईने करावी किंवा दुकानातून आणावी, मुलाने ती शाळेत न्यावी, आणि गुण मिळाल्यावर ती कपाटात धूळ खात पडावी! नेसच्या शाळेतील मुलगा फळी करून आईस देत होता. आमची आई वस्तू करून मुलास देऊ लागली. उलट स्वीडनात १९६९ च्या अभ्यासक्रमापासून मुलगे व मुली दोघांनीही लाकूडकाम आणि शिवणकाम दोन्ही शिकावे असे ठरले, आणि तेथील शाळांतून स्लॉइड हा आवश्यक विषय आजही आहे. लाकडाचा चाकू-चमचा तेथे बाजारात विकत मिळतो. गरज म्हणून तो विषय ठेवला असता तर केव्हाच बंद पडला असता.

ह्यावरून प्रत्येक सुशिक्षित घराने उठून सुतारकाम आरंभावे, असा उपदेश करण्याचा माझा विचार नाही. परंतु लग्नमुंजीत, वाढदिवसास, दिवाळीस आपण ज्या भेटी देतो त्यांकडे एकदा ह्या दृष्टीने पाहावे. दिलेल्या वस्तूची किंमत आपण दुकानदारास देतो आणि पावती फाडून टाकतो. तिच्यात आपले असे काय असते? पैसा खर्चून दिलेली भेट वाईट नव्हे. पण तिच्यात देणाऱ्याचा वेळ, त्याचा धीर आणि त्याच्या हाताची मर्यादा ह्यांपैकी काहीही उतरत नाही. मुलाने एखाद्या सुटीत जवळच्या सुताराच्या कारखान्यात बसून, त्याला गुरू मानून, त्याच्या देखरेखीखाली साधी एक फळी केली, तर सालोमनच्या योजनेत राहिलेली उणीवही भरून निघेल: विद्या ज्याच्या हातात आहे तोच शिक्षक होईल. त्या फळीचा एक कोपरा कदाचित तिरपा असेल. आठ दिवस सुताराच्या शेजारी बसून जो मुलगा तो कोपरा सरळ करू पाहील, त्यास सुताराच्या मजुरीत घासाघीस करावयास पुढे थोडा संकोच वाटेल. आणि त्या फळीवर कांदा चिरणाऱ्या आईस ती कोणत्या दुकानातून आणली हे कोणी विचारले, तर तिला मुलाचे नाव सांगता येईल.